पॅनलचं दार उघडं, समोर पेडेस्टल पंखा: कूलिंगचा खरा कामाचा शोध कोणता?

वऱ्हाडी_डाळ

राजेहो, अकोल्यात आपली डाळ मिल आहे. मेन मोटरवर ३७ किलोवॅटचा ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवलाय, तो विजेच्या पॅनलमध्ये आहे. हिवाळाभर गुमान चालतो, पण मे महिन्यात दुपारी दोन वाजले की ओव्हरटेंपरेचरची ट्रिप. बाहेर ४५, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. इलेक्ट्रिशियनने उपाय काय केला तर पॅनलचं दार उघडं टाकलं आणि समोर पेडेस्टल पंखा लावला. चालतो त्याने, पण तूरडाळीची भुकटी सगळी पॅनलच्या आत जाते, कार्डावर पिवळा थर बसलाय.

आता तीन विक्रेते येऊन गेले. एक म्हणतो पॅनल एसी घ्या, दुसरा म्हणतो व्होर्टेक्स ट्यूब, तिसरा पेल्टियरवाला आहे, तो म्हणतो काहीच फिरत नाही त्यामुळे काहीच बिघडत नाही. मी रात्री बसून यावर वाचायला लागलो आणि मूळ काम राहिलं बाजूला, कूलिंगच्या शोधांच्याच मागे लागलो. तर प्रश्न दोन. एक, मी काय लावू? दोन, कारखान्यातला माल असो की इलेक्ट्रॉनिक्स, थंड करण्याच्या धंद्यातला सगळ्यात भारी शोध तुमच्या मते कोणता? माझं मत हीट पाइपला. तांब्याची बंद नळी, आत हलणारं काही नाही, वीज नाही, तरी इकडची उष्णता तिकडे. जादूच आहे बाप्पा.

रिकामटेकडा

माझं मत पेडेस्टल पंख्याला. अखंड भारतातल्या सगळ्या पॅनलांचा तारणहार.

सोल्डरचा_वास

हीट पाइपला +१. चांगला धागा काढलात. याची गंमत अशी की जनरल मोटर्सच्या गॉग्लर नावाच्या इंजिनियरने १९४४ मध्येच याचं पेटंट मिळवलं होतं, पण तेव्हा कुणाला गरजच नव्हती म्हणून ते पडून राहिलं. मग १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ग्रोव्हर नावाच्या माणसाने परत स्वतंत्रपणे बनवलं, त्याला अंतराळात उष्णता वाहून न्यायची होती, आणि हीट पाइप हे नाव त्याचंच.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. नळीतली हवा काढून टाकलेली असते आणि चमचाभरही नाही इतकं पाणी घातलेलं असतं. हवाच नसल्याने पाणी ३०-४० अंशालाच उकळतं. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सव्वाचार किलोज्यूल लागतात, पण तेच पाणी वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल घेतं, खरा माल तिथे आहे. वाफ थंड टोकाकडे पळते, तिथे पाणी होऊन उष्णता सोडते आणि नळीच्या आतल्या जाळीतून किंवा तांब्याच्या सच्छिद्र थरातून पाणी आपोआप परत येतं. तुमच्या माझ्या लॅपटॉपमध्ये चपट्या केलेल्या तांब्याच्या नळ्या दिसतात त्या ह्याच.

एक दुरुस्ती मात्र. हीट पाइप थंड करत नाही, फक्त वाहून नेतो. दुसऱ्या टोकाला पंखा आणि फिन्स (हवेत उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) लागतातच आणि तिथली हवा गार असावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या पॅनलच्या वेळी कामाला येईल.

मीनल_के

वाचतेय. लॅपटॉपचा विषय निघालाच आहे तर विचारून घेते. माझ्या लॅपटॉपचा पंखा ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की एवढा ओरडतो की समोरचे विचारतात कुठल्या विमानतळावर आहेस. धाकट्या भावाने उघडून साफ केला आणि चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट काढून तिथे टूथपेस्ट लावली. यूट्यूबवर बघितलं म्हणे. पहिले दोन-चार दिवस मस्त चालला, आता आधीपेक्षा वाईट.

रिकामटेकडा

कुठली टूथपेस्ट? मीठवाली असेल तर वॉरंटी गेली समजा. बाकी चिपला कीड लागणार नाही ही गॅरंटी.

सोल्डरचा_वास

मीनलताई, भावाचं डोकं चुकीच्या दिशेला चाललेलं नाही, फक्त माल चुकलाय. चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी प्रत्यक्षात काही उंचवट्यांवरच टेकलेले असतात, बाकी फटीत हवा. तांब्याची उष्णता वाहून न्यायची क्षमता ४०० च्या आसपास धरली तर हवेची ०.०२६ आहे (एकक तेच, वॅट दर मीटर दर अंश). म्हणजे केसाहून पातळ हवेचा थरसुद्धा भिंतच. पेस्टचं काम फक्त ती हवा हाकलणं. चांगली पेस्टसुद्धा ५-१० च्या घरातच असते, तांब्यापुढे काहीच नाही, म्हणून जास्त थापायची नसते, जेमतेम फटी भरतील एवढीच. टूथपेस्टमध्ये पाणी असतं म्हणून ती पहिले काही दिवस छान चालते, मग चिपच्या उष्णतेने वाळते, तडे जातात आणि हवा परत आत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि साधी पेस्ट आणा. दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे.

भोसरीचा_भट्टीवाला

तुम्ही सगळे इलेक्ट्रॉनिक्सवाले कूलिंग म्हणजे जेवढं लवकर आणि जेवढं गार तेवढं चांगलं असं धरून चाललाय. आमच्या धंद्यात तसं केलं तर संध्याकाळपर्यंत भंगारवाला दारात. मी हीट ट्रीटमेंटमध्ये उभा जन्म काढलाय. गिअर ८५० अंशाला लाल करून बाहेर काढला की पुढच्या काही सेकंदांत तो कसा गार होतो यावर त्याचं सगळं आयुष्य ठरतं. हळू झाला तर मऊ राहतो, फार जोरात झाला तर चिरतो नाहीतर वाकतो.

आणि पाण्यात टाकला की लगेच गार होतो हाही गैरसमज. लाल लोखंडाभोवती आधी वाफेचा झगा तयार होतो, त्यातून पाणी लोखंडाला शिवतच नाही. १७५६ मध्ये लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने याच्यावर लिहून ठेवलंय. कडक तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब उडत, नाचत राहतो, लगेच वाळत नाही, तोच प्रकार. हा झगा फुटला की मग पाणी खळाखळा उकळतं आणि तेव्हा खरी उष्णता ओढली जाते, आणि शेवटी उकळणं थांबून नुसतं साधं गार होणं. झगा एका बाजूला आधी फुटला आणि दुसऱ्या बाजूला नंतर, तर गिअर वाकलाच.

आमचे सगळे शोध या झग्याशी मारामारी करण्याचे आहेत. पाण्यात मीठ घातलं की झगा लवकर फुटतो. तेलात गार होण्याचा वेग कमी, म्हणून चिरत नाही. हल्ली पॉलिमरवालं पाणी, त्यात गरम लोखंड टाकलं की पॉलिमर लोखंडावर थर धरतो आणि वेग आवरतो, किती टक्के मिसळलं यावर पाण्यापासून तेलापर्यंत कुठेही नेता येतं, आगीची भीती नाही, धूर नाही. शिवाय टाकीत ढवळणारा पंखा हवा, नाहीतर सगळं मुसळ केरात. माझं मत पॉलिमर क्वेंचला (क्वेंच म्हणजे तापलेला माल बुडवून गार करणं), हीट पाइपला नाही.

जालनेकर

भट्टीवाले काका, दंडवत. पण झग्याशी मारामारी बघायची तर आमच्या जालन्याला या, इथे सळई ताशी किती तरी किलोमीटर वेगाने पाण्यातून पळते. टीएमटी बार घर बांधताना सगळे विकत घेतात पण टीएमटी म्हणजे नेमकं काय हे विचारलं तर दुकानदार म्हणतो "मजबूत असते".

शेवटच्या रोलमधून सळई बाहेर पडते तेव्हा साधारण हजार अंशाला असते. तिथून ती थेट पाण्याच्या बॉक्समधून जाते, चारी बाजूने प्रेशरचं पाणी, जेमतेम एखाद-दुसरा सेकंद. तेवढ्यात बाहेरची साल एकदम गार होऊन कडक होते, आतला गाभा लालच. मग बाहेर आल्यावर गाभ्यातली उष्णता सालीकडे येते आणि तिला परत ६०० च्या आसपास तापवते, म्हणजे टेम्परिंग (परत तापवून कडक सालीचा ठिसूळपणा घालवणं) फुकटात, वेगळी भट्टी नको, गॅस नको. शेवटी कूलिंग बेडवर गाभा सावकाश गार होतो आणि मऊ, वाकणारा राहतो. बाहेरून कडक आणि आतून लवचिक. हे डोकं मूळ बेल्जियमच्या धातू संशोधन केंद्रातलं, १९७० च्या दशकातलं, टेम्पकोर म्हणतात. त्याआधी सळई मजबूत करायची तर गार अवस्थेत पीळ द्यायचे, जुन्या बांधकामात पिळाच्या सळया दिसतात त्या.

घर बांधणाऱ्यांसाठी एक टीप. सळईचा तुकडा कापून, टोक घासून त्यावर सौम्य नायट्रिक ॲसिड लावून बघा (लॅबवाल्याकडूनच करून घ्या, स्वतः नको). सगळीकडून सारख्या जाडीची गडद कडा दिसली तर माल नीट. कडा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब असेल तर पाणी सारखं लागलेलं नाही. कडाच नसेल तर फक्त बिलावर टीएमटी आहे.

मीनल_के

अरे वा, आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे, बिल्डरला विचारून त्याचा बीपी वाढवते आता.

कोल्हापुरी_ओतकाम

सगळ्यास्नी रामराम. भट्टी झाली, रोलिंग झालं, मग फौंड्री कशी मागं राहील भावांनो? आमच्यात तर गार होण्याचं सगळं राजकारण साच्याच्या आतच असतंय. ओतलेलं लोखंड गार होताना आक्रसतं. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी, आणि शेवटच्याला भरायला रस शिल्लकच नसला की आत पोकळी, आम्ही श्रिंकेज म्हणतो. बाहेरनं कास्टिंग देखणं, गिऱ्हाइकानं मशीनिंगला घेतलं की भोक. मग फोन, मग शिव्या.

त्यावर जुना इलाज म्हणजे चिल. जाड भागाजवळ वाळूत लोखंडाचा नाहीतर ग्राफाइटचा ठोकळा ठेवायचा, तो तिथली उष्णता ओढून घेतो आणि जाड भाग पातळ भागाबरोबर गोठतो. आणि जिथं शेवटी गोठावं असं वाटतंय तिथं रायझर, म्हणजे जादा रसाचा साठा. हे कुठल्या पेटंटमधलं नाही, पण शिरोलीच्या एमआयडीसीत जुना मोल्डर नुसतं पॅटर्न बघून बोट ठेवून सांगतो, चिल इथं लाव. आता संगणकावर सिम्युलेशन करतात आणि तेही बहुतेक वेळा तिथंच बोट ठेवतंय. चिल ओला असला, गंजका असला तर मात्र वाफ धरून गॅसचं भोक पाडतो, म्हणून तापवून, साफ करून ठेवायचा. माझं मत चिलला. विषय संपला.

शंकासुर

विषय संपला नाही. मला एक सांगा, तुम्ही सगळे उष्णता इकडून काढून तिकडे देताय. लॅपटॉपने खोलीला दिली, गिअरने तेलाला दिली, तेलाची टाकी तापली मग तिचं काय? शेवटी हे सगळं जातं कुठे?

टर्बाइनमामा

शंकासुरांनी बरोबर नस पकडली. मी चंद्रपूरकडच्या औष्णिक केंद्रात होतो, आता निवृत्त. शेवटचं टोक म्हणजे कूलिंग टॉवर. ते कंबरेत बारीक, अजस्र काँक्रीटचे टॉवर रेल्वेतून दिसतात आणि त्यातून पांढरं काहीतरी निघत असतं, लोक त्याला प्रदूषणाचा धूर म्हणून फोटो टाकतात. तो धूर नाही, पाण्याची वाफ आणि थेंब. धूर सडपातळ चिमणीतून जातो. टॉवरचा तो आकार हॉलंडच्या व्हॅन इटरसन आणि कायपर्स यांनी १९१८ च्या सुमाराला आणला, काँक्रीट कमी लागतं, वाऱ्याला टिकतं आणि आतली गरम ओली हवा आपोआप वर चढते, पंखा नको.

तत्त्व माठाचंच. थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार करून जातं. हिशोब करा, एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल उष्णता फेकायची तर साधारण दीड लिटर पाणी वाफ होतं. म्हणजे उष्णता गेली आकाशात आणि बिल आलं धरणावर.

आता माझं मत. तुम्ही सगळे पाणी, तेल, वाफ यात अडकलात. मोठ्या जनरेटरमध्ये आम्ही हायड्रोजन भरतो.

मीनल_के

हायड्रोजन??? तो पेट घेणारा?

टर्बाइनमामा

हो तोच. पहिला असा टर्बोजनरेटर १९३७ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डेटन इथे चालू झाला. कारण सोपं आहे. जनरेटरचा रोटर मिनिटाला ३००० फेरे मारतो आणि आत हवा असेल तर तो हवाच घुसळत बसतो, त्यात वीज वाया जाते आणि वर उष्णता. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाएवढा हलका म्हणून घुसळण्याचा तोटा एकदम खाली येतो, आणि उष्णता वाहून नेण्यात तो हवेच्या सातपट. दोन्हीकडून फायदा. वर इन्सुलेशनलाही बरा, ऑक्सिजन नाही म्हणजे जळणं-कुजणं नाही.

भीतीचं म्हणाल तर हायड्रोजन पेटतो तो हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला तर. आम्ही आत ९८ टक्क्यांच्या आसपास शुद्ध ठेवतो आणि दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे गळती झाली तर तो बाहेर येईल, हवा आत जाणार नाही. शाफ्टभोवती तेलाचं सील. भरताना आधी हवा काढून कार्बन डायऑक्साइड भरायचा, मग त्याला हाकलून हायड्रोजन. काढताना उलट. हवा आणि हायड्रोजनची भेट होऊच द्यायची नाही. ही शिस्त मोडणाऱ्याला आमच्या काळी शिफ्ट इनचार्ज तोंडी बोलायचा नाही, थेट मेमो.

त्याहून भारी सांगू का? ५०० मेगावॅटच्या जनरेटरमध्ये स्टेटरचे (न फिरणाऱ्या भागाचे) तांब्याचे बार पोकळ असतात आणि त्यांच्या आतून पाणी खेळवतात. बारवर २१ हजार व्होल्ट आणि आतून पाणी! क्षार सगळे काढून टाकलेलं, एवढं शुद्ध की वीज वाहतच नाही म्हणा. त्या पाण्याची कंडक्टिव्हिटी थोडी वाढली तरी अलार्म.

सोल्डरचा_वास

मामा, हे भारी. आणि बघा, इलेक्ट्रॉनिक्स आता तुमच्याच मागून चाललंय. १९८५ चा क्रे-२ सुपरकॉम्प्युटर, त्याची सगळी सर्किट बोर्डं फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेली होती. वीज न वाहणारं, न पेटणारं. बाहेरून पारदर्शक, लोक बघायला यायचे. पुढे डेटा सेंटरवाले परत याच वाटेला लागले, पण हे द्रव ज्या फ्लोरिनच्या रसायनांच्या कुळातले आहेत ती निसर्गात विघटितच होत नाहीत, म्हणून ते बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२२ च्या शेवटी जाहीर केलं की २०२५ अखेर हे उत्पादनच बंद. आता बुडवायचं तर खनिज तेलाच्या नातेवाइकांकडे किंवा एस्टरकडे जावं लागतंय, नाहीतर चिपवर तांब्याची प्लेट ठेवून तिच्यातून पाणी.

आपल्या पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत सी-डॅकचा परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटर आहे, त्यात असंच थेट चिपपाशी द्रव नेऊन थंड करतात. एआयवाल्या एका एच१०० चिपला ७०० वॅट लागतात. एक चिप! पूर्वी ४८६ प्रोसेसरच्या काळात साध्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर भागायचं, कितीतरी मशीनांत तर तोही नसायचा.

१९८१ मध्ये स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीझ यांनी सिलिकॉनमध्येच केसाएवढ्या खाचा कोरून त्यातून पाणी सोडलं होतं आणि एका चौरस सेंटीमीटरमधून ७९० वॅट काढून दाखवले होते. तेव्हा एवढी उष्णता निघणारी चिपच नव्हती. माझं मत बदलतोय, हीट पाइप नव्हे, ह्या खाचा.

शंकासुर

म्हणजे नवी मुंबईत एवढी डेटा सेंटरं होतायत त्यांची उष्णता पण शेवटी टॉवरमधून आकाशात आणि पाणी आपल्या वाट्याचं?

टर्बाइनमामा

पाणी वापरणारी आणि कोरडी अशी दोन्ही प्रकारची असतात. कोरड्या पद्धतीत पाणी वाचतं, वीज जास्त जाते. फुकट कुणाचंच नाही. पण एक गंमत ऐका. टॉवरमधलं पाणी हवेच्या साध्या तापमानाला गार होत नाही, ओल्या बल्बच्या तापमानाच्या (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलं की दिसतं ते) जवळ जातं. मे महिन्यात मुंबईत हवा ३४, दमट, तर ओला बल्ब २८ च्या आसपास. अकोल्यात हवा ४५ पण कोरडी ठणठणीत, ओला बल्ब २३-२४. म्हणजे टॉवरसाठी अकोला मुंबईपेक्षा गार!

वऱ्हाडी_डाळ

काय सांगता मामा! म्हणजे आम्ही थंड हवेच्या ठिकाणी राहतो. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली मामांना मे महिन्यात चार दिवस बोलवा.

पण मग एक विचारतो, घरोघरी कूलर आहेतच, पॅनलसमोर पंख्याऐवजी कूलरच लावला तर?

रिकामटेकडा

डाळीची भुकटी + कूलरचं ओलं वारं = पॅनलमध्ये पिठलं.

फेज_न्यूट्रल

रिकामटेकड्याने थट्टेत लिहिलं पण तेच बरोबर उत्तर आहे. मी पॅनल बनवतो, मूळ प्रश्नाकडे येऊ का? इतक्या पानांनंतर कुणीच दिलेलं नाही.

आधी किती उष्णता आहे ते बघा. ड्राइव्हची साधारण ३ टक्के वीज उष्णतेत जाते. ३७ किलोवॅटचे ३ टक्के म्हणजे अकराशे वॅट, पॅनलमध्ये एक इस्त्री चालू ठेवून दार लावल्यासारखं. दोन मीटर उंचीचं, भिंतीला टेकलेलं बंद पॅनल आपल्या पत्र्यातून, आत-बाहेर दहा अंशांचा फरक असताना, जेमतेम अडीचशे वॅट बाहेर टाकतं. म्हणजे बंद ठेवून भागणार नाही, इलेक्ट्रिशियनने दार उघडलं ते उगाच नाही.

पंखा आणि फिल्टर लावला तर दहा अंश फरकावर तासाला साडेतीनशे घनमीटर हवा लागेल. मिळते, अवघड नाही. पण बाहेर ४५ म्हणजे आत ५५. बहुतेक ड्राइव्हचं रेटिंग ४० अंशाला असतं, पुढे ५० पर्यंत लोड कमी करत चालवायचा, त्यापुढे नाहीच. वर तुमच्या भुकटीने फिल्टर आठवड्यात चोंदणार. पंखा कधीच बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, कितीही मोठा लावा.

आता तुमचे तीन विक्रेते. पेल्टियर: १८३४ मधला शोध, दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून करंट सोडला की एक बाजू गार, एक गरम. सेन्सर, छोटी लेझर, गाडीतला चिमुकला फ्रीज यासाठी सुंदर. पण अकराशे वॅट काढायला तेवढीच किंवा जास्त वीज खाणार आणि ती सगळी परत गरम बाजूने फेकावी लागणार, तीही तुमच्या ४५ अंशात. फिरत काही नाही हे खरं नाही, त्याच्या फिन्सवर पंखेच असतात.

व्होर्टेक्स ट्यूब: हे खरंच चमत्कारिक प्रकरण. फ्रान्सच्या रांकने १९३० च्या दशकात शोधलं, मग जर्मनीच्या हिल्शने चाळीसच्या दशकात मोजमापं करून मांडलं. नळीत तिरकी कॉम्प्रेस्ड हवा सोडली की ती आत भोवरा होऊन फिरते, एका टोकाने गरम हवा आणि दुसऱ्याने बर्फासारखी गार, आत हलणारा एकही भाग नाही. पॅनलमध्ये दाब राहतो म्हणून भुकटी आत येत नाही, हा तुमच्यासाठी मोठा फायदा. पण एवढी उष्णता काढायला १०-१२ एचपीचा कॉम्प्रेसर फक्त त्यासाठी पळेल. बिल बघून तुम्हीच गार व्हाल. हवेत तेल-पाणी असेल तर तेही पॅनलमध्ये.

पॅनल एसी: चालेल, पण पूर्ण अकराशे वॅटचा घेऊ नका. आधी उष्णता कमी करा. माझा सल्ला असा की ड्राइव्हचा हीटसिंक पॅनलच्या मागच्या पत्र्याला खिडकी कापून बाहेर काढा, फ्लँज माउंटिंग किट बऱ्याच ड्राइव्हना मिळतं. बहुतांश उष्णता तिथूनच निघते, ती बाहेरच्या बाहेर जाईल, आत दोन-तीनशे वॅट राहतील. मग पॅनल पूर्ण बंद, गॅस्केट नीट, केबलच्या भोकांना ग्लँड, आणि छोटा पॅनल एसी, ३५ अंशावर सेट. २० वर नका ठेवू, दार उघडलं की पाणी सुटेल. दुसरं, ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी बघा, ८ किलोहर्ट्झ असेल तर ४ करा, उष्णता कमी होते, मोटर थोडी कुईकुई करेल, मिलच्या आवाजात कुणाला कळणार? तिसरं, पत्र्याखाली सावली करा. पॅनलच्या डोक्यावर तापलेला पत्रा असेल तर वरचं सगळं फोल.

आणि सगळ्यात चांगलं म्हणजे पॅनल मिलच्या शेडमधून काढून शेजारी छोट्या खोलीत न्या. डाळीची भुकटी हवेत दाट झाली तर पेटते हेही विसरू नका, उघडं पॅनल आणि भुकटी ही जोडी मला अजिबात आवडलेली नाही.

वऱ्हाडी_डाळ

भाऊ, पाय कुठे आहेत तुमचे. एवढं तर पैसे देऊनही कुणी सांगितलं नाही. एक शंका, हीट पाइपवाले पॅनल एक्स्चेंजर पण असतात नं? हवेला हवा लावणारे, आतली हवा आत, बाहेरची बाहेर.

फेज_न्यूट्रल

असतात आणि उत्तम असतात, भुकटीसाठी तर खासच. पुण्यात, नाशिकला लावा. पण त्याला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार लागते. तुम्हाला आत ४० हवंय आणि बाहेर ४५. उष्णता उलटी आत येईल.

रिकामटेकडा

ज्याला मत दिलं तोच उमेदवार मतदारसंघात फिरकत नाही. राजकारणच आहे हे.

सोल्डरचा_वास

अवांतर: हीट पाइपची बाजू अगदीच पडू नये म्हणून सांगतो. अलास्काच्या तेलाच्या पाइपलाइनला सव्वा लाखाच्या आसपास हीट पाइप आहेत, खांबांमध्ये उभे बसवलेले, आत अमोनिया. तेल गरम, त्याच्या उष्णतेने खालची कायम गोठलेली जमीन वितळली तर खांब खचतील, म्हणून हिवाळ्यात ते जमिनीतली उष्णता वर काढून हवेत टाकतात. उन्हाळ्यात बाहेरची हवा गरम झाली की आपोआप बंद, कारण अमोनिया वरच्या टोकाला परत द्रव होतच नाही. कुणी स्विच दाबायला नको.

कोल्हापुरी_ओतकाम

जमीन गार करायची पाइपलाइन! नाद खुळा. तरी माझं मत चिललाच.

चाकणची_सीएनसी

कूलिंगचा धागा आणि कूलंटवर कुणी बोलत नाही म्हणून लॉगिन केलं. टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १८८० च्या दशकात कटिंग टूलवर पाण्याची धार सोडली आणि कापण्याचा वेग ३०-४० टक्क्यांनी वाढवता आला. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक मशीन शॉपमध्ये तेच चाललंय, फक्त पाण्यात तेल मिसळून दुधासारखं पांढरं केलंय, गंज नको आणि घसरण हवी म्हणून.

पण सोमवारी सकाळी शॉपमध्ये पाऊल टाकलं की जो वास येतो तो अनुभवलेल्यांनाच कळेल. रविवारी मशीन बंद, टाकीत वर गळतीच्या तेलाचा थर, खाली हवा नाही, मग त्यात जंतू वाढतात आणि सडक्या अंड्यांचा वास. सुपरवायझर म्हणतो वरून सेंट टाका. खरं तर वरचं तेल काढायचं, रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या मापकाने पाण्यातल्या तेलाची टक्केवारी बघायची, टाकी वेळच्या वेळी उपसून धुवायची. हाताला खाज सुटून चट्टे येतात ते वेगळंच, ग्लोव्हज मागितले तर नखरे वाटतात. कूलिंगच्या शोधांबद्दल बोलताना ज्यांचे हात त्यात बुडालेले असतात त्यांचंही बघा जरा.

भोसरीचा_भट्टीवाला

ताई, शंभर टक्के. आमच्याकडे तेलाचा धूर खाऊन निम्मी माणसं खोकत असायची. पॉलिमरला मत देण्याचं माझं खरं कारण तेच होतं, वर नीट लिहिलं नाही.

मीनल_के

तांत्रिक फारसं कळत नाही पण एक वाचलेलं सांगते. आपण घरात लावतो तो एसी मुळात माणसांसाठी नव्हताच. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही, त्यासाठी कॅरियर नावाच्या इंजिनियरने तो बनवला. म्हणजे आधी कागदाला एसी मिळाला, माणसांचा नंबर नंतर.

शंकासुर

अजूनही तसंच आहे. सर्व्हर रूमला २४ तास एसी आणि वॉचमनला टेबल फॅन.

फेज_न्यूट्रल

वऱ्हाडी_डाळ, एक राहिलं. इतकी वर्षं तापून चाललाय म्हणजे ड्राइव्हच्या आतले मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अर्धे झाले असतील. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, एलईडी बल्ब बंद झाकणाच्या दिव्यात लवकर जातात त्यामागेही बऱ्याचदा हेच. नवीन कूलिंगवर पैसे घालण्याआधी ते तपासून घ्या. आणि ड्राइव्हचा स्वतःचा खालचा पंखा फिरतोय का ते बघा, बहुतेक जण बघतच नाहीत.

वऱ्हाडी_डाळ

आत्ताच मिलमध्ये जाऊन पाहून आलो. दोन पंख्यांपैकी एक फिरतच नाही, सालपटांनी जाम झालाय, आणि फिन्समध्ये तर हात लावला की डाळ निघते. इलेक्ट्रिशियनला बोलावलंय, तो म्हणतो पंखा बाजारात मिळतो, संध्याकाळी बसवून देतो. फ्लँज किटचं पण कंपनीला विचारलंय. खोलीचा विचार दिवाळीनंतर, तुरीचे भाव कसे राहतात त्यावर.

फेज_न्यूट्रल

नवीन पंखा बसवताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण बघा, खालून वर जायला हवी. आणि एसी करंटवर चालणारा साधा १२ सेंटिमीटरचा पंखा बसवून देईल तर घेऊ नका, ड्राइव्हमधला बहुधा २४ व्होल्ट डीसी असतो आणि जास्त दाबाचा असतो. जुन्यावरचा नंबर फोटो काढून इथे टाका, मी सांगतो कुठला चालेल. फिन्स साफ करताना मेन बंद करून निदान पंधरा मिनिटं थांबा, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

रिकामटेकडा

आणि निघालेली डाळ फेकू नका.